पत्त्याची दुसरी प्रत

श्रीगोंद्याच्या सहविचार सार्वजनिक वाचनालयात इंटरनेट आले ते १९९८च्या दिवाळीनंतर, आणि आल्यापासून दोन दिवसांच्या आत ग्रंथपाल कचरू भागूजी साळवे यांनी कात्रीने कापून त्याचे एकतीस तुकडे केले. या कृत्याची गोष्ट पुढे तालुक्यात बरीच सांगितली गेली. सांगणारे हसत सांगत आणि ऐकणारे हसत ऐकत. ज्याने कात्री चालवली तो मात्र त्या दिवशी अत्यंत गंभीर होता. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने जे काम सर्वांत निष्ठेने केले होते, तेच तो करीत होता.

घडले ते असे. कचरूंचा मुलगा सम्राट पुण्याला एका संगणक कंपनीत होता. कंपनीने मोडीत काढलेले एक यंत्र त्याने वाचनालयाला आणून दिले, वाचनालयाच्या फोनला जोडले, नगरला फोन लावून ते जगाशी कसे बोलते हे दाखवले, आणि एक छापील यादी भिंतीवर 'शांतता राखा' या पाटीशेजारी चिकटवली. यादीत एकतीस पत्ते होते. विद्यार्थ्यांना आणि वाचनाची आवड असणाऱ्या कोणालाही पुस्तके फुकट वाचता येतील अशा ठिकाणांचे ते पत्ते: कोठे जुनी इंग्रजी नाटके व कादंबऱ्या, कोठे शब्दकोश, कोठे परदेशी विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिका. मराठी पत्ते दोनच होते, आणि ते उघडले की पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसत.

"बाबा, हे पुस्तकासारखं नाही," सम्राटने निघताना समजावले. "एकानं घेतलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही. एका वेळी हजार माणसं वाचू शकतात."

"कुठं?"

"जगात कुठंही."

"मी आपल्या वाचनालयाचं विचारतोय. यंत्रापुढं खुर्च्या किती?"

"एक."

"मग हजारातल्या नऊशे नव्याण्णवांनी कुठं बसायचं, ते सांगून जा."

सम्राट हसत एसटीत बसला. दुसऱ्या दिवशी कचरूंनी यादी भिंतीवरून सोडवली, एकेक पत्ता कापला, पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर डकवला, त्यावर वाचनालयाचा शिक्का मारला आणि दाखल नोंदवहीत त्यांना ८३८७ ते ८४१७ असे क्रमांक दिले. विषयवारीत त्यांना शून्याचा वर्ग मिळाला, कारण अन्य कोणत्याही वर्गात ते बसत नव्हते. नियमही तयार झाले. सभासदाने एका वेळी एक पत्ता न्यावा. मुदत चौदा दिवस. ही पुठ्ठ्याची चिठ्ठी दाखवल्याशिवाय यंत्रापुढे बसू नये. बसण्याची वेळ अर्धा तास. आणि जो पत्ता एका सभासदाकडे गेला आहे, तो परत येईपर्यंत दुसऱ्यास मिळणार नाही. अशा रीतीने जगभर एकाच वेळी सर्वांना उपलब्ध असलेली ग्रंथसंपदा श्रीगोंदा तालुक्यात एका वेळी एकालाच मिळू लागली.

याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. परंतु कचरूंचे अडाणीपण बालपणीच संपले होते, आणि ते कसे संपले हे पाहिले की कात्रीचे मर्म कळते. त्यांच्या आधीची दोन भावंडे जगली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी आईने हे नाव ठेवले. दीक्षा झाली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. धर्म बदलला, गावच्या चावडीतील वर्तमानपत्र मात्र पूर्वीप्रमाणेच सगळीकडे फिरून त्यांच्या वस्तीकडे यायचे, किंवा यायचे नाही. चावडीच्या पायरीशी उभे राहून विचारले की आतून उत्तर येई, "संपलं." वर्तमानपत्र संपते कसे, हा प्रश्न त्या मुलाला पुष्कळ दिवस पडत असे. पुढे नगरच्या वसतिगृहात असताना त्यांनी पहिले खरे ग्रंथालय पाहिले. तेथे एक नोंदवही होती. मागणी लिहिली की क्रमांक मिळे, आणि एकदा तर त्यांच्याच गावच्या पाटलाच्या मुलाला त्यांच्या मागे तीन आठवडे थांबावे लागले. त्या मुलाने खूप आदळआपट केली. नोंदवहीने ती ऐकली नाही. समतेवरची व्याख्याने कचरूंनी पुढे पुष्कळ ऐकली, पण त्यांच्यासाठी समता प्रथम रांगेच्या रूपाने आली होती, आणि रांगेवरचा त्यांचा विश्वास अखेरपर्यंत ढळला नाही. शिपाई म्हणून लागून, ग्रंथालयाचा अभ्यासक्रम पुरा करून ते ग्रंथपाल झाले, ते या विश्वासाच्या बळावर.

नव्या विभागाचे उद्घाटन वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी केले. सहकारातले जुने, वजनदार माणूस. "यातला सगळ्यांत मोठा पत्ता कोणता?" त्यांनी विचारले. कचरूंनी प्रामाणिकपणे ८४१७ दाखवला. हजारो जुनी इंग्रजी पुस्तके त्या एकाच ठिकाणी होती. आप्पासाहेबांनी ती चिठ्ठी उंच धरली. "जगातली सगळी पुस्तकं आज माझ्या हातात हायेत," असे ते म्हणाले, आणि टाळ्या वाजत असताना त्यांनी ती जाकिटाच्या खिशात घातली. कचरूंनी देवघेव नोंदवहीत नोंद केली: मुदत, ३ डिसेंबर.

फेब्रुवारीत राजेश्वरी आली. तिचे आईवडील पाथर्डीकडचे, दर दिवाळीनंतर साखर कारखान्यावर ऊसतोडीला येणारे. ती येथेच वसतिगृहात राहून बी.ए.ला इंग्रजी शिकत होती. गेल्या वर्षी शेवटच्या परीक्षेत एका पेपरात सात गुणांनी राहिली होती. त्या पेपराला एक जुने इंग्रजी नाटक होते. कॉलेजातली एकुलती प्रत एक प्राध्यापक घेऊन गेले होते आणि पुढे ते प्राध्यापकच बदली होऊन गेले. बाजारात गाईड मिळे. त्यात कथानक होते, पण संदर्भासह स्पष्टीकरणाला लागतात ती मूळ वाक्ये नव्हती.

"काका, हे नाटक हाय का आपल्याकडं?"

"छापील नाही. पत्त्यावर आहे. दाखल क्रमांक आठ हजार चारशे सतरा."

"मग द्या की."

"बाहेर गेलाय. सभासदाकडं."

"कवा यायचाय?"

कचरूंना पाठ होते, तरी त्यांनी नोंदवही उघडून पाहिली. "तीन डिसेंबरला यायला हवा होता."

"आज सतरा फेब्रुवारी हाय, काका."

"तारीख मलाही दिसते."

तिने मागणीपत्र भरले. रांगेत ती पहिली होती; खरे तर एकटीच होती. परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. कचरूंनी अध्यक्षांना स्मरणपत्र लिहिले, "आपणाकडील ग्रंथास अन्य वाचकाची मागणी आहे", आणि उत्तर येईना तेव्हा ते स्वतः सायकलवरून आप्पासाहेबांच्या बंगल्यावर गेले. ओट्यावर खुर्च्या होत्या. कचरू उभेच राहिले.

"कचरू, तो कागद जाकिटात राहिला, आन् जाकीट गेलं धोब्याकडं," आप्पासाहेब म्हणाले. "आता त्याचा लगदा झाला असंल."

"मग नोंदवहीत गहाळ लिहितो."

"कुणाच्या नावावर?"

"आपल्या."

आप्पासाहेबांनी पान थुंकले. "कार्यकारी मंडळाची निवडनूक तोंडावर हाय. अध्यक्षानं इंटरनेट हरवलं म्हनून उद्या गावभर बोंब मारतील. गहाळ-बिहाळ काय लिहायचं न्हाई."

"मग नियम बारा. न आणलेला ग्रंथ सभासदानं तोच नवा आणून द्यावा."

"हे बरं हाय. असं बोल की." आप्पासाहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. "गोरक्ष, परवा पुण्याला चालला हाईस न्हवं? एक वस्तू आनायची."

गोरक्ष पुण्याला गेला. त्याच्याजवळच्या चिठ्ठीवर लिहिले होते: 'इंटरनेटचा पत्ता, इंग्रजी पुस्तकांचा, मोठा, नग एक.' पहिल्या दुकानदाराने माल संपला असून पाडव्यापर्यंत येईल असे सांगितले. दुसऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली, कपाटाच्या मागून भारतातील सर्व पोस्टकार्यालयांच्या पिनकोडांची जाड डिरेक्टरी काढली, आणि याहून अधिक पत्ते कोठे मिळणार नाहीत अशी खात्री दिली. ती डिरेक्टरी आप्पासाहेबांच्या पत्रासह वाचनालयात पोहोचली: 'मूळ पत्त्यापेक्षा मोठा पत्ता देत आहोत. हिशेब पुरा झाल्याची नोंद घ्यावी.' कचरूंनी डिरेक्टरी रीतसर दाखल केली, पोच दिली, आणि ८४१७ समोरची जागा मोकळीच ठेवली, कारण नियमात 'मोठा' हा शब्द नव्हता, 'तोच' हा होता.

या सर्व काळात राजेश्वरी रोज कॉलेज सुटल्यावर येई, देवघेव टेबलापाशी उभी राही आणि काही न विचारता परत जाई. हे न विचारणे कचरूंना विचारण्यापेक्षा जड जाऊ लागले. मार्च उजाडला.

एका बाजाराच्या दिवशी तिच्यासोबत तिची आई लंकाबाई आली. अंगावर उसाच्या पाल्याचे ओरखडे, डोक्यावर बाजाराची पिशवी. तिने दारातच चपला काढल्या. कचरूंनी त्या घालायला सांगितल्या. तिने ऐकले नाही.

"दादा, तुमच्यापशी कागुद हाय म्हनं, आन् तुमी देईनात."

"माझ्याजवळ नाही, बाई. अध्यक्षांनी नेलाय."

"त्याच्यात काय लिव्हलंय, ते तुमाला ठावं न्हाई का?"

कचरू खोटे बोलत नसत. एकतीसच्या एकतीस पत्ते त्यांना दाखल क्रमांकांसह पाठ होते. "ठावं आहे," ते म्हणाले.

"मंग?"

या 'मंग'ला नियमावलीत उत्तर नव्हते. लंकाबाईने पिशवी खाली ठेवली. मग ती रागाने नव्हे, नुसती माहिती द्यावी तसे म्हणाली, "तिचा बाप म्हनतो, औंदा पास झाली तर शिकू द्यावी. न्हाईतर लगीन लावून दिवाळीला नवा कोयता जोडायचा. मुकादमाला सांगून बी ठिवलंय."

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. कचरूंना ते माहीत होते. राजेश्वरी त्या वेळी कपाटातल्या पुस्तकांच्या पाठी वाचत उभी होती, जणू बोलणे दुसऱ्या कोणाविषयी चालले होते.

दुपारी जेवताना त्यांनी ही हकीकत पत्नीला, भामाबाईंना, सांगितली. भामाबाईंचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण नवऱ्याच्या नियमावलीचा त्यांचा अभ्यास दांडगा होता.

"त्या पोरीला तोंडानं सांगायला काय जातं तुमचं?"

"नियमात बसत नाही."

"नियम केला कुनी? दिल्लीवरनं आला का?"

"मी केला. पण केल्यावर तो माझा राहत नाही."

"अध्यक्षाचा बरा राहतो मग," असे म्हणून भामाबाईंनी त्यांच्या ताटात न मागता अर्धी भाकरी वाढली.

कचरू त्या दिवशी वाचनालयात परत आले ते हळूहळू चालत. तोंडी सांगणे त्यांना खरोखरच अशक्य होते, आणि त्याचे कारण भित्रेपणा हे नव्हते. तोंडी दिलेल्या गोष्टी तोंडाजवळच्यांनाच मिळतात, हे ते चावडीच्या पायरीवर शिकले होते. आज एकीला कानात सांगितले, तर उद्या नाही म्हणायचे कशाच्या आधारे? पण दुसरीकडे एक रांग लागलेली होती, तिच्या तोंडाशी मुदत संपून तेरा आठवडे झाले तरी एक माणूस बसला होता, तो वाचत नव्हता आणि उठतही नव्हता. आणि त्यांनी ज्या वहीवर आयुष्य लावले, ती वही त्याच माणसाची राखण करीत होती. पोरीला त्यांनी 'बाहेर गेलाय' असे सांगितले होते. चावडीतला माणूस 'संपलं' म्हणे. दोन्हींतला फरक त्यांनी मनाशी पुष्कळ शोधला. शब्दांच्या फरकाखेरीज त्यांना तो सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाचनालय नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उघडले आणि दाखल नोंदवही पुढ्यात ओढली. रकाने ओळखीचे होते: क्रमांक, दिनांक, नाव, प्रत, खरेदी की देणगी, देणगीदार, शेरा. देणगीदाराच्या रकान्यात त्यांनी आजवर शेकडो नावे लिहिली होती. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ, कोणी मुलाच्या वाढदिवशी. स्वतःचे नाव तेथे लिहिण्याचा प्रसंग आला नव्हता, कारण आयुष्यभर त्यांनी जे वाचले ते सगळे वाचनालयाचेच होते, आणि वाचनालयाचे पुस्तक वाचनालयाला देणगी देता येत नाही. आता त्यांनी लिहिले: प्रत, दुसरी. देणगीदार, कचरू भागूजी साळवे. शेरा: 'पहिली प्रत सभासदाकडे. ही प्रत स्मरणातून.'

मग त्यांनी नवा पुठ्ठा कापला आणि त्यावर पत्ता लिहिला. अक्षरे सरळ आली. तिरप्या दोन रेघांपाशी हात जरा थांबला. पहिली रेघ आधीची की दोन टिंबे आधीची, याची त्यांनी डोळे मिटून खात्री करून घेतली. शिक्का मारला. देणगीची पावती फाडली आणि देणाऱ्याच्या जागी व घेणाऱ्याच्या जागी स्वतःच सही केली. अखिल जगाला फुकट असलेली ती वस्तू एका माणसाने श्रीगोंदा तालुक्याला दान दिली, आणि त्याची पावती आहे.

राजेश्वरी आली तेव्हा चिठ्ठी टेबलावर होती.

"आली व्हय परत?"

"ती नाही आली. ही दुसरी आहे. इथं सही कर. मुदत चौदा दिवस."

तिने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. अक्षर तिने ओळखले. तिने सही केली आणि ती यंत्रापुढे बसली.

पुढचे तेरा दिवस सोपे गेले नाहीत. नगरचा फोन लागायला कधी दहा मिनिटे जात, कधी वीस. लागला की कोणीतरी बाहेरून वाचनालयाला फोन करी आणि तो तुटे. आणि वीज जाई ती वेगळीच. छापण्याचे यंत्र नव्हते. राजेश्वरी दोनशे पानी वही घेऊन बसे आणि नाटक उतरवून घेई. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आले की एकदा पान उघडल्यावर फोन तुटला तरी अक्षरे पडद्यावरून जात नाहीत. तिने ते कचरूंना सांगितले, आणि कचरूंपुढे नवाच पेच उभा राहिला: फोन तुटल्यानंतरचे वाचन अर्ध्या तासात धरायचे की नाही? त्यांनी दुपारभर विचार केला आणि असा निर्णय दिला, की जोवर फोन जोडलेला आहे तोवर तो पत्त्याचा उपयोग होय. फोन सुटल्यावर समोर राहिलेली अक्षरे वाचणे हे वाचनालयातले साधे वाचन होय, आणि साध्या वाचनाला वेळेची मर्यादा नाही. तेव्हापासून पान उघडले की ते स्वतः उठून फोनची वायर काढीत. दुसरा कोणी सभासद खुर्ची मागायला आला, तर चिठ्ठी पाहून, पत्ता तपासून, सभासदपत्राची मुदत पाहून त्याला आत सोडायला त्यांना पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ लागू लागला. नियमभंग म्हणावा असे त्यात काहीच नव्हते.

चौदाव्या दिवशी तिने चिठ्ठी परत केली. दोन वह्या भरल्या होत्या. पाडव्याला टोळी पाथर्डीकडे परतली. लंकाबाई जाताना वाचनालयात आली नाही. एप्रिलमध्ये परीक्षा झाली. आप्पासाहेबांची निवडणूकही झाली. ते बिनविरोध आले.

जूनच्या अखेरीस निकाल लागला. राजेश्वरीला त्या पेपरात त्रेपन्न गुण होते. नगरला एम.ए.ला प्रवेश घ्यायचा, तर येथील सभासदत्व रद्द करून वाचनालयाचा दाखला हवा होता. दाखल्याचा मजकूर ठरलेला: 'या सभासदाकडे वाचनालयाचे कोणतेही येणे नाही.' खाली अध्यक्षांची सही लागते. आप्पासाहेब त्या दिवशी सभेसाठी आलेच होते. कचरूंनी कागद पुढे ठेवला.

"कोन ही?"

"ऊसतोडीवाल्यांची मुलगी. बी.ए. झाली."

"पुस्तकं वेळेवर दिली का हिनं?"

"चौदाव्या दिवशी."

"अशी शिस्त पायजे," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी झोकदार सही केली. त्याच टेबलावर, त्यांच्या कोपराखाली, देवघेव नोंदवही होती. ती त्यांनी सरकवली, कारण सहीला अडचण होत होती.

राजेश्वरी बाहेरच्या बाकावर थांबली होती. तिने दाखला दोनदा वाचला.

"काका, एक विचारू? चिठ्ठी मी परत दिली. पन पत्ता तर मला पाठ झालाय. नाटक बी निम्मं पाठ हाय. मग येनं काहीच न्हाई असं कसं लिहिलंत तुमी?"

कचरूंनी चष्मा पुसला. बावीस वर्षांत एकाही सभासदाने दाखल्याच्या मजकुराला हरकत घेतली नव्हती, आणि हरकत मुद्द्याची होती. 

"वाचलेलं परत घ्यायची सोय आपल्याकडं नाही," ते म्हणाले. "नोंदवहीत तेवढा रकाना नाही."

"मग नगरला मी कुनाला सांगितला तर?"

"तोंडी सांगू नकोस. लिहून दे, आणि कुणाला दिला ते लिहून ठेव."

ती हसली. कचरू हसले नाहीत. त्यांनी दाखला मिळाल्याबद्दलची सही घेतली, तारीख घालून घेतली आणि नगरची गाडी सव्वा अकराची आहे असे तिला सांगितले. ती फाटकाबाहेर पडली तेव्हा आत काष्टीचा एक विद्यार्थी टेबलापाशी उभा होता. त्याला ८४१७ हवा होता. कचरूंनी त्याच्यापुढे दुसरी प्रत ठेवली, आणि तो सही करीत असतानाच तिसऱ्या प्रतीसाठी पुठ्ठा कापायला घेतला.